चित्राखालचं नाव

मालकांनी माझ्या हातातलं पुस्तक हिसकून घेतलं. सगळ्यांदेखत.

"कोयत्याला पुस्तक कशाला लागतंय रं?"

बाकावरचे हसले. मी दाराजवळ खाली बसलेलो, उठून हुबा राहिलो.

आमच्या गावचं वाचनालय मालकांच्या बापाच्या नावाचं. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम त्यांचा भाचा. माझा पोरगा अन् सून त्याच टोळीत, कारखान्यावर. मालकांपुढं तोंड उघडायचं म्हणजे त्या दोघांच्या भाकरीवर पाय द्यायचा.

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. नाव कुणी घेत न्हाई. किती कोयते आणले, एवढंच इचारतेत. माझी बायको फडातच वारली. तवाचा मुकादम म्हणला, "आता तू अर्धा कोयता." मी मान हलवली. जन्मभर मानच हलवली.

पुस्तक गोष्टींचं होतं, रंगीत चित्रांचं. समुद्रापल्याडची, स्पॅनिश बोलणारी माणसं. मी तिसरीपर्यंत शिकलेला, बोट ठेवून वाचतो. त्यांचे सण, त्यांच्या मक्याच्या भाकरी, मेलेल्या माणसासाठी फुलं मांडून जागवलेली रात. अन् एका पानावर उसाचा फड. डोईवर मोळी घेतलेली बाई. पाचटानं चिरलेले हात. चित्राखाली तिचं नाव, मारिया. ती काय गायची, कुणाला भ्यायची, समदं लिव्हलेलं.

त्या नावावर माझं बोट होतं तवाच मालक आले.

मी हात पुढं केला. मग म्हणलो,

"मालक, कोयता घरी खुंटीला हाय. मला नाव हाय. माझ्या बायकोला बी होतं, गंगूबाई. पुस्तक द्या."

आता कुणी हसलं न्हाई. मालक जवळ आले, हळूच म्हणले, "पोरगा कुणाच्या टोळीत हाय, इसरला का?"

न्हाई इसरलो. पण हात मागं घेतला न्हाई. त्यांनी पुस्तक फेकलं. मी उचललं, धूळ झटकली अन् बाकावर बसलो. खाली न्हाई. अक्षरं डोळ्यापुढं नाचत होती. एक बी वाचता आलं न्हाई. तरी बसून राहिलो.

तवापासून फोन वाजला की वाटतंय, मुकादमानं पोराला टोळीतनं काढलं. पोराला समदं सांगितलं. तो म्हणला, "आबा, आता आमचं कसं?"

भ्याव हाय. पण उद्या परत जाणार, बाकावर बसणार, मारियाची गोष्ट पुरी करणार. मागून कुणी 'कोयता' म्हणून हाक मारली तर मारू द्या. मी मान वळवणार न्हाई.