नंबर पडलेली झाडं

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला जंगलातलं काहीही कळत नव्हतं, आणि ते कोणाला कळू द्यायचं नाही एवढं मात्र मी पक्कं ठरवलं होतं. प्रबंधाचा विषय भारदस्त होता: लोक जंगल वापरतात, तरी ते टिकतं का? सरांनी नाशिकहून सुरगाण्याकडे जातानाचा एक पाडा ठरवून दिला. तिथल्या उतारावर दोरीने एक मोठा चौकोन आखायचा, आतल्या प्रत्येक झाडाला नंबर द्यायचा, छातीच्या उंचीवर टेपने घेर मोजायचा आणि महिन्याभराने पुन्हा जाऊन काय तोडलं, काय राहिलं ते लिहायचं. वर्गात ऐकताना सोपं वाटलं होतं. तिथे उभी राहिले तर ऐन कुठला नि धावडा कुठला, इथूनच माझी बोंब.

नंबरासाठी सरांनी खडू सांगितला होता. पण खडू दवाने पुसला गेला तर? वडील अंबडला कंपनीत आहेत, त्यांनी मशिनींना मारून उरलेला पिवळा ऑइलपेंट डबाभर दिला. डिसेंबरात मी अठरा झाडांवर ठळक आकडे काढले. अक्षर छान आलं म्हणून फोटोही काढले. स्वतःच्या शहाणपणाचं मला तेव्हा फार कौतुक होतं.

पाड्यावर मी एका मावशींकडे राहत होते. साठीच्या असतील, बोलायला फटकळ. मी रंगवत होते तेव्हा त्या बाजूला उभ्या होत्या.

"ह्ये कशाला?"

"अभ्यासाला, मावशी."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, त्यांना समजलं.

ती बहुतेक झाडं ऐनाची, आणि कागदावर सरकारची असली तरी राबाला मावशींचीच. राब म्हणजे फांद्या छाटून, वाळवून, उन्हाळ्यात रोपांच्या वाफ्यावर जाळायच्या. त्याशिवाय भाताचं नि नागलीचं रोप तिकडे धड धरत नाही, आणि रोप नाही तर वर्षाचं खाणं नाही. दर साली निम्मीच झाडं छाटायची, उरलेल्यांना विसावा द्यायचा, आणि कुठल्याही झाडाचा शेंडा ठेवायचाच. हे सगळं मावशींनी भाकरी थापता थापता सांगितलं आणि मी वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. माझा अख्खा प्रबंध त्यावरच उभा राहणार होता.

संक्रांतीनंतर पुन्हा गेले. उतार चढून वर पोचले तर वाट चुकल्यासारखं वाटलं. चौकोनातली अठराच्या अठरा झाडं बोडकी. शेंडेसुद्धा नाहीत. उभे खांब आणि त्यांवर माझे पिवळे आकडे. दोरीबाहेरची झाडं मात्र नेहमीसारखीच, काही छाटलेली, काही राखलेली. मी दोनदा फेरी मारली, वही उघडली, मिटली. नेमकी माझीच झाडं का? कोणी मुद्दाम केलं? मी कोणाचं काय वाईट केलं होतं? काही सुचेना, तेव्हा मी सरळ संतापले. ते मला पटकन जमतं.

मावशी अंगणात फांद्यांच्या मोठ्या ढिगाशी बसल्या होत्या.

"मावशी, शेंडा ठेवायचा म्हणाला होतात ना? मग हे काय केलंत?"

त्यांनाही माझं काही उमगत नव्हतं.

"तूच ना नंबर टाकले? नंबर पडला का झाड गेलं. वरल्या रानात फारेस्टवाल्यांनी टाकले व्हते, मंग टरक आला नि समदं घेऊन गेला. आमाला पालाबी नाय गावला. ह्या बारीला म्हनलं, त्ये न्यायच्या आधी पाला तरी काढून घेऊ."

"अहो, पण माझे नंबर अभ्यासाचे होते!"

"तव्हाबी अभ्यासच म्हनले व्हते."

मी म्हणाले, ट्रक येणार नाही. "नक्की?" त्यांनी विचारलं. तोंडातून 'नक्की' निघेना, कारण मला खरोखरच माहीत नव्हतं.

"आन पुढल्या साली राब कुठून आनू? विसाव्याची झाडंबी गेली ना ह्यात."

मला लाज वाटली. चुकलं माझं, मावशी, म्हणाले. "तुला काय ठावं," म्हणून त्यांनी मला चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खाली रेंज आली तेव्हा सरांना फोन केला, सगळं सांगितलं. सर म्हणाले, "झाडं छाटली गेली का? गेली. कोणी छाटली? गावाने. तेवढं लिही. बाकीची गोष्ट घरी सांग." यात खोटं काहीच नव्हतं, आणि त्यामुळेच माझा गोंधळ वाढला. खरं कारण लिहावं तर चौकोनच बाद, म्हणजे वर्ष वाया. न लिहावं तर जंगल कसं राखायचं ते मला शिकवणाऱ्या बाईंनाच मी जंगल ओरबाडणाऱ्या ठरवणार. दोन्ही मसुदे मी कितीदा लिहिले, कितीदा खोडले. शेवटी सरांनी मागितला तो दिला, आणि तोंडी परीक्षेत कोणी विचारलं तर खरं सांगायचं, अशी स्वतःची समजूत घातली.

आणि विचारलं. बाहेरून आलेले परीक्षक भले गृहस्थ होते. पडद्यावरच्या बोडक्या झाडांकडे ते बराच वेळ बघत होते. मग हळहळून म्हणाले, "एकही शेंडा ठेवला नाही हो. म्हणजे या लोकांना जंगल राखायचं कसं ते अजून कोणी शिकवलेलंच नाही, असं म्हणायचं का?"

सर माझ्याकडे बघत होते.

"हो, सर," मी म्हणाले, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.