दादा बोलला होता

दादा गेला तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य ठरून गेलं होतं. शेवटपर्यंत बोलला नाही हो. पुण्यात भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवता ठेवता तेच म्हणायचा. आत्या म्हणाली, लहानपणापासूनचा सोशिक. दादाच्या वर्कशॉपमधले लोक म्हणाले, असा माणूस पुन्हा होणे नाही, बोट चेपलं तरी हूं की चूं नाही. मी समोर सतरंजीवर बसून मान हलवत होतो. आणि तिथे मला एकट्याला माहीत होतं की दादा बोलला होता. मला बोलला होता, स्वच्छ मराठीत, आणि पुढे सांग म्हणाला होता. मी सांगितलं नाही.

मी जर्मनीत नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात काम करतो, चौदा वर्षं झाली. आमच्या टेस्टिंग विभागातलं सात-आठ जणांचं टोळकं दर वर्षी डोंगरात जातं. आल्प्समध्ये मुक्कामाच्या या हटवरून त्या हटवर, पाठीवर सॅक, संध्याकाळी सूप. मीही जायचो. आणि डोंगराचा विषय निघाला की माझ्या जिभेला हाड नसायचं. माझा भाऊ असा, माझा भाऊ तसा, त्याने सह्याद्रीतले दोनशे किल्ले पालथे घातलेत, कातळावर अनवाणी चढतो. खोटं एक अक्षर नव्हतं. मला डोंगर दाखवला तोच दादाने, मी नववीत असताना. पण इतकं मिरवायची काय गरज होती? कुणी विचारलं होतं मला?

मग एका वर्षी टोळक्याने नेपाळ ठरवलं. गाईडसोबतचा ट्रेक, चौदा दिवस, रोज एका लॉजवरून वरच्या लॉजवर. निघायच्या दोन महिने आधी एकाचा गुडघा गेला आणि जागा रिकामी झाली. तेच म्हणाले, तुझ्या त्या भावाला आण ना, आम्हालाही बघू दे. दादा तेव्हा त्रेपन्नचा. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, आयुष्यात कधी देशाबाहेर गेलेला नाही. फोनवर आधी म्हणाला, डोकं फिरलंय का तुझं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन, बूट कुठले घेऊ.

पहिले पाच दिवस दादा नुसता खूश होता. सामान वाहणाऱ्या पोर्टरांशी दिवसभर हिंदीत गप्पा. लॉजच्या जेवणघरात मधोमध लोखंडी शेगडी असायची आणि तिच्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या. ते बघून म्हणाला, एवढं विमानाने आलो आणि इथे पण गोवऱ्याच. मी ते जर्मनमध्ये सांगितलं, सगळे हसले. मला बरं वाटलं. माझा भाऊ माझ्या लोकांत शोभत होता.

आमची प्रमुख गाईड जर्मन होती, आल्गॉयच्या डोंगराळ भागातली, साठीला आलेली, आवाज खणखणीत. तिची एक रीत होती. रोज संध्याकाळी सूप झालं की ती वही काढायची आणि शेगडीभोवती बसलेल्या एकेकाला विचारायची. झोप लागली का, भूक आहे का, डोकं दुखतंय का, दहापैकी किती. आणि आमचे लोक सांगायचे! डावीकडे, कपाळाच्या वर, दहापैकी तीन, काल दोन होतं. आम्ही इंजिनचा रिपोर्ट लिहितो ना, तसं. कुणाला लाज नाही, कुणाला संकोच नाही. आपल्याकडे माणूस ताप अंगात असताना 'ठीक आहे' म्हणतो. दादाला याची भारी गंमत वाटायची. माझ्याकडे वळून विचारायचा, आज कुणाचं किती? त्याची पाळी आली की मला म्हणायचा, शून्य सांग. मी 'नुल' म्हणायचो. त्याचं इंग्रजी शॉपफ्लोअरपुरतं आणि बाईचं सगळं जर्मनमध्ये, त्यामुळे मधला माणूस मी. तो म्हणायचाच, ही तुझी माणसं, तूच बोल.

उंची बाधली की आधी डोकं धरतं, आणि तिथे नियम साधा होता. आकडा चारच्या वर गेला आणि भूक मेली, तर दुसऱ्या दिवशी वर चढायचं नाही. खाली उतरायचं, सोबत एक मदतनीस, आणि उतरणाऱ्याची भाषा येणारं कुणीतरी. म्हणजे दादा उतरला की मीही उतरणार. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

सहाव्या दिवशी दादा मागे पडायला लागला. दुपारी आमच्यातला एक जण, ऑफिसात माझ्याच टेबलासमोर बसणारा, माझ्याजवळ येऊन अगदी सभ्यपणे म्हणाला, तुझ्या भावाने तयारी केली होती ना? काही वाईट बोलला नव्हता हो. पण मला ते इतकं झोंबलं. दोनशे किल्ले, अनवाणी पाय, सगळं माझ्याच अंगाशी आलं. मी ठणकावून म्हटलं, तो मुद्दाम सावकाश चालतोय, अनुभवी माणूस असाच चालतो.

त्या संध्याकाळी शेगडीपाशी दादाने सूपला हात लावला नाही. ब्लँकेट पांघरून माझ्याशेजारी बसला होता. पाळी आमच्यापर्यंत आली. आयुष्यात ज्याने स्वतःच्या दुखण्याचं नाव काढलं नाही तो माझा भाऊ त्या लोकांचं बघून शिकला होता. तो म्हणाला, "डोकं फुटतंय रे. अन्न जात नाही. सांग तिला. सात सांग."

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "आल्लेस गूट. नुर म्यूडे." सगळं ठीक आहे, फक्त दमलाय.

तिने पेन्सिल उचललेलीच ठेवली. नक्की का, असं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी नक्की. मग तिने वहीत लिहिलं. दादाने मला विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, "उंचीवर होतं म्हणाली. पाणी पी, गोळी घे, उद्या बरं वाटेल." गोळी मीच दिली, माझ्या सॅकमधली.

का केलं, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. लोकांपुढे दादाची शोभा नको. गोळीने उतरेल. ही सगळी वरवरची मलमपट्टी. खरं एवढंच, की मला वर जायचं होतं, आणि त्या समोरच्या टेबलवाल्यापुढे माझी मान खाली जायला नको होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. माझी मूठ झाकायला मी दादाचं डोकं वापरलं.

दुसऱ्या दिवशी तो चढला. पोर्टरांनाही काही बोलला नाही, कारण त्याच्या लेखी निरोप पोचला होता आणि बाई चल म्हणाली होती. वरच्या लॉजच्या अंगणात पोचला तेव्हा झिंगल्यासारखा चालत होता. तासाभरात त्याला माझं नाव आठवेना. बाईने बघितलं मात्र, क्षणात ओळखलं. बाटलीतला ऑक्सिजन लावला, औषध टोचलं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येईना. उजाडताच पोर्टरांनी त्याला आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली धाव घेतली. मी मागून पळत होतो. सकाळी आठच्या सुमाराला, आदल्या दिवशीचं लॉज नजरेत आलेलं असताना, पुढचा पोर्टर थांबला आणि त्याने दादाला गवतावर ठेवलं. त्याला पाठीवरच कळलं होतं.

बाई माझ्याशेजारी बसून रडली. मी रोज विचारत होते, म्हणाली, त्याने एकदा सांगायला हवं होतं. मी तेव्हाही काही बोललो नाही. तिथूनच त्या वाक्याची सुरुवात झाली, आणि ते काठमांडूहून पुण्याला दादाच्या आधी पोचलं.

वहिनींनी मात्र ते वाक्य कौतुकाने कधी घेतलं नाही. त्यांना दादाचा राग आला होता. दहाव्याचे विधी झाले, तेरावं झालं, मुलाने फोटो मोठा करून फ्रेम करून आणला, आणि वहिनींनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर टाकला. नाही लावणार म्हणाल्या. एकदा तोंड उघडलं असतं तर माणूस आज घरात असता. दगडासारखं गप्प बसायचं आणि आम्हाला टाकून जायचं, आणि त्याला मी हार घालू? मी जर्मनीहून दर रविवारी फोन करायचो, आणि दर रविवारी त्या हेच बोलायच्या. पंचवीस वर्षं संसार केला, भाऊजी, पण या माणसाने मला कधी आपलं दुखणं सांगितलं नाही, आणि शेवटी असे गेले. मी म्हणायचो, जाऊ द्या वहिनी, त्याचा स्वभावच तसा. हे मी म्हणायचो. याच तोंडाने.

इकडे ट्रेकनंतर नाखट्रेफन करायची पद्धत आहे. सगळे पुन्हा जमतात, केक, कॉफी, फोटो. दादामुळे आमचं पुढे ढकललं होतं, ते शेवटी मार्चमधल्या एका रविवारी दुपारी ठरलं, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याला एका क्लबच्या हॉलमध्ये. मला जायचं नव्हतं. बायको म्हणाली, नाही गेलास तर वाईट दिसेल, आणि पोरीला सोबत ने, एकटा नको. पोरगी तेरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तिच्या काकाशीसुद्धा ती फोनवर तशीच बोलायची, आणि तो तिकडून मराठी, ती इकडून जर्मन असा तासभर कारभार चालायचा.

टेबलावर दादाचा फोटो होता आणि मेणबत्ती. बाई आल्गॉयहून आली होती. मला मिठी मारली तिने. मग दिवे बंद करून, एकाने जोडून तयार केलेली फिल्म लावली. पूल, याक, बर्फ. आणि मग ते जेवणघर. शेगडी, वही, एकेकाचे आकडे. त्या संध्याकाळी कुणी चित्रण करत होतं हे मला माहीतच नव्हतं. पडद्यावर दादा ब्लँकेटमध्ये, डोळे मिटलेले. त्याचा आवाज आला. डोकं फुटतंय रे. अन्न जात नाही. सांग तिला. सात सांग. आणि लगेच माझा, आल्लेस गूट, नुर म्यूडे.

हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं. समोरच्या टेबलवाला हळूच म्हणाला, कधी तक्रार केली नाही त्याने, कधीच नाही. बाईने मान हलवली. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं आत्ता दिवे लागतील आणि सगळे माझ्याकडे वळतील. कुणी वळलं नाही. त्यांना माझ्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. शेजारी पोरीने केकचा तुकडा बशीत परत ठेवला होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

निघताना फिल्म बनवणाऱ्याने एक पेनड्राइव्ह हातात ठेवला. तुझ्या वहिनीसाठी, म्हणाला, तिला तो शेवटी कसा होता ते बघता येईल.

गाडीत बसल्या बसल्या पोरीने रेडिओ बंद केला. सिग्नलला थांबलो तेव्हा तिने जर्मनमध्ये विचारलं, काका सात म्हणाला होता, मग तू ठीक आहे का सांगितलंस? मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, काकूला माहीत आहे? मी म्हटलं, नाही. पुढे घरापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

खोटं कशाला बोलू, ते अर्धं मिनिट कापून पेनड्राइव्ह पाठवायचा विचार माझ्या मनात येऊन गेला. पाच मिनिटांचं काम होतं. पण पोरगी जिन्याच्या पायरीवर जाकीट न काढता बसून राहिली होती, आणि तिच्यासमोर ते करायची माझी छाती झाली नाही. नाहीतर केलं असतं, मी मला ओळखतो.

पुण्यात साडेआठ झाले असतील. वहिनींनी फोन उचलला, जेवण झालं का विचारलं. मी म्हटलं, वहिनी, बसून घ्या. आणि सगळं सांगितलं. बाईने रोज विचारलं होतं. दादाने सांगितलं होतं. मी उलटं सांगितलं, आणि दादालाही खोटं सांगितलं. कारणं दिली नाहीत. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "आकडा सांगितला होता यांनी?"

"हो. सात."

"म्हणजे हे बोलले होते."

"हो वहिनी."

मला वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. मी त्यांचीच वाट बघत उभा होतो. पण फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा, मग वर्तमानपत्राचा कागद फाटल्याचा. पाच महिने कपाटावर पडलेला फोटो त्या खाली काढत होत्या. नंतर त्यांचा आवाज आला, लांबून, माझ्यासाठी नसलेला.

"अहो, चुकलं हो माझं. मी उगीच भांडले तुमच्याशी."

त्या बराच वेळ तेच म्हणत राहिल्या. मी ऐकत होतो, फोन ठेवायचा हक्क मला नव्हता. मग मुलगा खोलीत आला असावा. त्याने फोन उचलला, पडद्यावर माझं नाव बघितलं असेल, आणि कट केला.

त्याला आता तीन महिने झाले. बाईला मी पत्र लिहून सगळं कळवलं, तिचं उत्तर आलं नाही. वहिनींना मी अजून दर रविवारी फोन लावतो. तो वाजून वाजून बंद होतो.