गॅमाची ट्यूब

आमच्या वन्सं घरात शिरल्या की चपला काढायच्या आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघतात. सकाळी दार अर्धं उघडं होतं, आता सताड कसं, हा प्रश्न त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसतो. आमचे हे, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, कंटाळून म्हणतात, "ताई, मीच उघडलं. पाणी प्यायलो. कर अटक." वन्सं हसत नाहीत. लग्न होऊन मी आले तेव्हा पहिले सहा महिने त्यांनी माझीही चौकशी चालवली होती. त्यातून मी निर्दोष सुटले, पण ते मला कुणी कळवलं नाही.

आम्ही दोघी एकाच संस्थेत. मी कार्यालयात पत्रं टाइप करते. वन्सं वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत, एकतीस वर्षं झाली. काचेच्या डिशमध्ये पेशी वाढवायच्या, त्यांना वेळेवर खायला घालायचं, त्यांच्यात डीएनए सोडून हवं ते प्रथिन करून घ्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे त्यांच्या वैऱ्यांनाही मान्य आहे आणि वैरी पुष्कळ आहेत. कारण प्रत्येक बाटलीवर द्रव जिथवर असेल तिथे वन्सं पेनाने बारीक रेघ मारतात. दुसऱ्या दिवशी पातळी रेघेखाली गेली की कुणी घेतलं, कधी, कशाला, आणि विचारलं का नाही, अशी सरबत्ती सुरू होते.

तिथे काम चालतं ते 'जी' नावाच्या प्रथिनांवर. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वीस वर्षं भाजी निवडता निवडता वन्संचं ऐकून थोडं डोक्यात शिरलं. पेशीच्या पडद्याला आतल्या बाजूने तिघं चिकटून बसलेले असतात: अल्फा, बीटा आणि गॅमा. समजा माणूस घाबरला आणि रक्तात ॲड्रिनलिन सुटलं. पडद्यातला रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन, तो निरोप बाहेरच्या बाजूने पकडतो आणि आत अल्फाला हलवतो. अल्फाने जीडीपी नावाचा रेणू धरून ठेवलेला असतो, तो सुटतो, त्या जागी जीटीपी येऊन बसतो, आणि अल्फा बाकी दोघांना सोडून पुढच्या कामाला लागतो. बीटा आणि गॅमाही मोकळे होऊन आपल्या कामाला जातात, पण जोडीने. थोड्या वेळाने अल्फा आपणच जीटीपी तोडून त्याचा जीडीपी करतो, आणि तिघं पुन्हा एकत्र येऊन पुढच्या निरोपाची वाट बघत बसतात.

"अल्फाचं काय, तो येतो-जातो," वन्सं सांगायच्या. "बीटा-गॅमा एकदा जुळले की जुळले. जुळेपर्यंतच काय ती मारामार."

ती मारामार हाच प्रयोगशाळेत आलेल्या एका नव्या मुलीचा पीएचडीचा विषय होता. नुकता तयार झालेला बीटा आपला आपण नीट घडीत बसत नाही. पिंपासारख्या एका मोठ्या प्रथिनाच्या पोटात त्याची घडी बसते, मग एक मदतनीस प्रथिन त्याला तिथून बाहेर काढून गॅमाच्या हवाली करतं. गॅमा भेटला तर बीटा टिकतो. नाही भेटला तर पेशी त्याला मोडीत काढते. बीटा टिकला की नाही ते ब्लॉट नावाच्या ठशावर कळतं: टिकला तर त्याचा काळा पट्टा उमटतो, त्याला बँड म्हणतात.

ही मुलगी आली तेव्हा वन्सं गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने घरी होत्या. परत गेल्या तर त्यांच्या खुर्चीवर तिची पिशवी. तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मुलगी जाड चष्म्याची, दिवसभर मान खाली घालून काम करणारी, विचारलं तेवढंच बोलणारी. वन्संनी तिचं नाव 'घुमी' ठेवून टाकलं.

"घुमी काहीतरी लपवते," त्या घरी येऊन म्हणायच्या. "तिच्या शिफारसपत्रात लिहिलंय, आधीच्या ठिकाणी हिने बीटाचे उत्तम बँड काढून दाखवले. इथे तीन महिने झाले, तिचा ब्लॉट कोरा. बीटाच्या जागी नुसता पांढरा कागद. हात चांगला असता तर एकदम बिघडेल का? तिथले बँड दुसऱ्या कुणाचे असणार."

"असं कसं म्हणता तुम्ही?"

"एकतीस वर्षं माणसं बघतेय मी."

वन्संशी वाद घालणं म्हणजे आपणच आरोपी होणं, म्हणून मी भाजी निवडायला घेतली. त्या मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांच्या खोलीत जाऊन त्यांनी हा संशय घातला त्यांच्या कानावर. सर इतर कुणाचं ऐकत नाहीत, पण वन्संचं ऐकतात. प्रकल्पाचा अहवाल तोंडावर आला होता आणि मुलीकडे दाखवायला काही नव्हतं. गुरुवारी सरांनी मला पत्राचा मजकूर सांगितला: काम असमाधानकारक, निकालांच्या विश्वासार्हतेबद्दल शंका, महिनाअखेर जागा रिकामी करावी. सोमवारी सही होणार होती. मी मुकाट्याने टाइप केलं. माझं काम टाइप करायचं, अशी मीच माझी समजूत घातली.

शुक्रवारी ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. "वसतिगृहाची खोली किती दिवसांत सोडावी लागते?" तिने विचारलं. तिला कुणकुण लागली होती. नियमांची फाइल काढून मी म्हटलं, पंधरा दिवस. तिने ते हातावर लिहून घेतलं आणि म्हणाली, "घरी अजून सांगितलं नाहीये." मला इतकं अपराधी वाटलं की मी पत्रांचा गठ्ठा उगाचच सरळ करत बसले.

शनिवारी सकाळी वन्सं म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. साक्षीदार हवा. उद्या कुणी म्हणायला नको की ताईंनी पोरीला अडकवलं."

त्यांनी बुधवारीच दोन डिश लावल्या होत्या, ताकास तूर लागू न देता. एका डिशमधल्या पेशींना स्वतःच्या कुलपातल्या डब्यातले बीटा, गॅमा आणि मदतनीस यांचे डीएनए दिले होते, दुसरीतल्या पेशींना पुढच्या रॅकमधल्या ट्यूबमधले, जे ती मुलगी वापरायची. बाकी हात त्यांचा, वेळ तीच, पेशी त्याच. मी स्टुलावर बसले. मशीनच्या पडद्यावर ब्लॉट उमटला: डावीकडे बीटाचा काळाभोर बँड, उजवीकडे काही नाही.

"बघितलंस?" वन्संचा चेहरा उजळला. "माझ्या हातून येतो. तिने ट्यूब नासवल्यात. आता कुठली ते शोधते."

मग त्यांनी रॅकमधल्या एकेका ट्यूबमधला थेंब घेतला, एन्झाइम घालून डीएनए कापला आणि जेलवर चालवला, म्हणजे कापलेले तुकडे आकाराप्रमाणे वेगळे दिसतात. जेल होईपर्यंत आम्ही बरोबर आणलेला डबा खाल्ला. त्या मजेत होत्या, चक्क एक गाणं गुणगुणत होत्या. जेल दिव्याखाली धरलं. बीटाच्या ट्यूबमध्ये दोन तुकडे होते, जसे हवे तसे. मदतनीस प्रथिनाच्या ट्यूबमध्येही दोन. गॅमाच्या ट्यूबमध्ये एकच.

"हा रिकामा आहे," वन्सं म्हणाल्या. "डीएनएचं नुसतं वाहन, आत गॅमाच नाही. गॅमा नाही म्हणून बीटा टिकत नाही. आता सांग, मुद्दाम नाही तर काय?"

त्यांनी ट्यूब उचलली, उलटी केली आणि तिच्या बुडाकडे पाहिलं. तिथे हिरव्या शाईचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होता. वन्संचा हात तसाच वर राहिला.

"काय झालं?"

त्या खाली बसल्या. गुडघा वाकत नसतानाही बसल्या. ट्यूब दिव्याजवळ नेऊन त्यांनी ठिपका पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "ही माझी आहे."

मागच्या वर्षी गॅमाचा साठा भराभर उतरत होता. शेजारच्या लॅबमधला उंच माणूस चोरतो, असं वन्संनी ठरवलं होतं. म्हणून त्यांनी खरा गॅमा आपल्या डब्यात कुलपात ठेवला, पुढच्या रॅकमध्ये रिकाम्या डीएनएची ट्यूब ठेवली, वर 'गॅमा' लिहिलं, आणि ओळखायला खाली ठिपका दिला. चोराचा प्रयोग फसेल, तो कुरकुरत येईल, मग रंगेहाथ धरायचा. पण तो माणूस दुसरीकडे नोकरीला गेला, नंतर गुडघा आला, आणि सापळा तिथेच राहिला.

"पण तिच्या कसं लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

"गॅमा एवढासा असतो. साध्या जेलमधून खालच्या खाली निघून जातो, ब्लॉटवर त्याला कुणी शोधत नाही. बीटा टिकला की गॅमा आहे असं धरतात." त्या ट्यूबवरच्या नावाकडे बघत होत्या. "आणि अक्षर माझं आहे. माझं अक्षर कुणी तपासत नाही."

लाज वाटते, पण मी काय म्हटलं ते सांगते. मी म्हटलं, "वन्सं, ट्यूब बदला. खरी ठेवा रॅकमध्ये. पत्राचं मी बघते, आठवडाभर गहाळ करते. तिचा बँड आला की सर आपोआप निवळतील. तुमचे आठ महिने उरलेत निवृत्तीला."

"आणि मी सरांना सांगितलेलं? ते कोण पुसणार?"

मी रिकामा डबा पिशवीत भरायला लागले.

सोमवारी मी सह्यांची फाइल घेऊन सरांच्या खोलीत गेले, तर वन्सं आधीच उभ्या होत्या. त्यांनीच सरांना मुलीला बोलवायला लावलं. ट्यूब, जेलचा फोटो, दोन्ही ब्लॉट टेबलावर मांडून त्यांनी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाल्या, "आणि हिचे आधीचे बँड दुसऱ्याचे असतील, असं मीच तुम्हाला म्हटलं होतं. माझ्याकडे काही पुरावा नव्हता."

मुलगी टेबलावरच्या फोटोकडे बघत राहिली. "तीन महिने," ती म्हणाली, "मला वाटत होतं मला काम येतच नाही. मी रोज माझे हात बघायचे." मग तिने चष्मा काढून पुसला.

सरांनी माझ्या फाइलमधलं पत्र काढून घेतलं. वन्संकडून डब्याची किल्ली मागितली आणि मुलीच्या हातात दिली. "इथून पुढे साठा ही बघेल," एवढंच म्हणाले. वन्संनी मान हलवली. त्यापुढची शिक्षा कुणी केली नाही.

पुढच्याच आठवड्यात मुलीचा बीटा दिसायला लागला, आणि महिन्याभरात तिचं काम धावायला लागलं. घरी सांगायची वेळ आली नाही, असं ती मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली आणि हसली. मी वन्संना हे सांगितलं. त्यांना खरंच आनंद झाला.

मग एक दिवस त्या कामावरून आल्या आणि चपलांसकट खुर्चीत बसल्या.

"नवा गॅमा तयार करून दिला तिला," त्या म्हणाल्या. "दोन दिवस खपून. ती म्हणाली, ठेवा ताई, कापून बघते, मग वापरते."

"बरोबरच आहे ना?"

"आज साधं बफर दिलं. मिठाचं पाणी म्हण. तेही तिने तपासलं. माझ्यासमोर. अगदी आदराने." त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मी काही बोलूच शकत नाही गं. तिचं काहीच चुकत नाहीये."

आणि त्या रडायला लागल्या. वीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.