एका बोटाने फिरणारी कडी

हात्सुए मोरोझुमीच्या हाताला कुरुंदाच्या पुडीचा वास कायमचा चिकटलाय, असं तिची आई म्हणायची. आईला बोलायला काय जात होतं! तिने स्वतः उभा जन्म रेशमाच्या गिरणीत उकळत्या पाण्यातून कोशांचे धागे ओढण्यात काढला होता, आणि तिच्या हाताला मेलेल्या किड्यांचा वास यायचा. आमच्या या तळ्याकाठच्या गावात बायकांच्या हाताला कसला ना कसला वास असतोच. आईच्या पिढीत रेशीम होतं, हात्सुएच्या पिढीत लेन्सचा कारखाना आला.

पंधराव्या वर्षी ती कारखान्यात लागली ती घासकामाच्या ओळीत. लेन्सची फोकसची कडी फिरवली की आत एक नळी दुसऱ्या नळीतून पुढेमागे सरकते. दोन्हींना आटे असतात. यंत्रावर कापून आलेल्या या नळ्या सुरुवातीला एकमेकींशी नुसत्या भांडतात. खरखरतात, मध्येच अडतात. मग एक बाई तेलात कालवलेली कुरुंदाची पूड आट्यांना लावते, एक नळी दुसरीत घालते आणि फिरवत बसते. पुढे मागे, पुढे मागे. रॉकेलमध्ये धुवायची, पुसायची, बोटाने अंदाज घ्यायचा, की पुन्हा पूड. असं घासून घासून त्या दोघी एकमेकींच्या होतात, आणि मग त्यातली एकही दुसऱ्या कुणात चालत नाही. म्हणून दोन्हींवर आतल्या बाजूने टोच्याने एकच नंबर कोरायचा.

अशा अकरा बायका ओळीत बसायच्या. दहाला आणि तीनला चहा, सोबत कुणीतरी घरून आणलेलं पाल्याचं लोणचं. ओळीची म्होरकी किनुयो. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"हात्सु, दिवसाला बारा जोड्या जमवतेस गं तू," ती म्हणायची. "स्वतःची एक जमव की कधीतरी!"

सगळ्या खिदळायच्या. हात्सुएही हसायची. पण तिच्या मनातलं माणूस वरच्या मजल्यावर, आराखड्यांच्या खोलीत बसत होतं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांचं नाव उशियामा. तिच्याहून पाच वर्षांनी मोठे, शांत, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली. शिकाऊ असताना लेथवर त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं चेचली होती आणि ती आखडलेलीच राहिली. नव्या आराखड्याची पहिली लेन्स तयार झाली की ते स्वतः ती घेऊन घासकामाच्या ओळीत यायचे आणि हात्सुएच्या टेबलापाशी थांबायचे, कारण तिथे खिडकी होती. निदान हात्सुए तरी स्वतःला तसंच समजवायची.

"मोरोझुमीसान, जरा हात लावून बघता का?"

ती कडी फिरवून बघायची आणि असेल ते सांगायची. शेवटी जड जाते, मध्ये एक कण आहे, ही चांगली आहे. ते वहीत टिपून घ्यायचे. मग कॅमेऱ्याला लावून स्वतः फिरवून बघायचे, आणि तेव्हा ती बघायची त्यांच्या हाताकडे. कडी डाव्या हाताने फिरवावी लागते. आखडलेली बोटं त्या घट्ट कडीवर घसरायची आणि ते कॅमेरा उलटा धरून उजव्या हाताने फिरवायचे.

एकोणीसशे एकाहत्तरच्या शरद ऋतूत कामगारांना सवलतीत लेन्स मिळणार असं जाहीर झालं. ज्याने त्याने नाव नोंदवलं, आणि एके दिवशी नावांच्या चिठ्ठ्या लावलेले ट्रे ओळीत आले. 'उशियामा' लिहिलेला ट्रे हात्सुएने मुकाट्याने स्वतःकडे ओढला.

साध्या जोडीला अर्धा तास लागायचा. या जोडीला तिने नऊ दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या दिल्या. बारीक पूड, मग त्याहून बारीक, मग नुसतं तेल. कडी ढिली होऊन चालणार नव्हतं, डगडगली तर फोटो बिघडणार. तिला ती हलकी हवी होती आणि तरी जिथे सोडावी तिथे थांबणारी. नवव्या दिवशी तिने डाव्या हाताची बोटं आखडून एकाच बोटाने कडी फिरवून पाहिली. फिरली. मग तिने टोच्या घेतला. बाहेरच्या नळीवर आतून नंबर कोरला आणि त्याच्याशेजारी त्यांच्या नावाचं एक अक्षर. आतल्या नळीवर नंबर, आणि शेजारी स्वतःच्या नावाचं.

तिचा हिशेब सरळ होता. पाचसात वर्षांत लेन्समधलं ग्रीस वाळतं आणि कडी जड होते. मग लेन्स उघडावी लागते. उशियामासान आपली लेन्स दुसऱ्याला कशाला उघडू देतील? स्वतःच उघडतील, आणि मग त्यांना दिसेल. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. हात काय ते सांगतील, असं तिने ठरवलं.

दीड वर्षाने उशियामांचं लग्न झालं, त्यांच्या मामाने ठरवलेल्या मुलीशी. सगळ्या ओळीला लाल भाताचे डबे वाटले. हात्सुएने भात खाल्ला, डबा धुतला आणि परत दिला. तिलाही स्थळं आली. आई अंथरुणाला खिळली आहे ही सबब तिला पुरली, आणि आईने ती सबब चांगली अठरा वर्षं टिकवली.

लग्न झालं म्हणून त्यांचं येणं काही थांबलं नाही. दर वर्षी ते नवी लेन्स घेऊन यायचे, आणि दर वर्षी ती आधीच्यापेक्षा स्वस्त असायची. आधी पितळ गेलं. मग कडीवरच्या कोरीव खाचा जाऊन रबर आलं. कोरलेले आकडे जाऊन छापलेले आले. "दोनशे येन वाचले," ते ओशाळून म्हणायचे, जणू तिच्याच पेटीतून उचलले होते. ती कडी फिरवून खरं सांगायची. तेवढी ती दहा मिनिटं तिची होती. आणि लेन्स उघडायची हत्यारं दुरुस्तीच्या खोलीतच असायची, म्हणून तिच्यापुढून जाताना दर सोमवारी ती थांबून आत बघायची, त्यांच्या नावाची चिठ्ठी दिसते का म्हणून. पाच वर्षं झाली, सात झाली, बारा झाली.

एकोणनव्वदच्या वसंतात ते आले तेव्हा ओळीत तिघीच उरल्या होत्या आणि हात्सुए चाळिशी ओलांडलेली म्होरकी झाली होती. निवृत्त होऊन कामाविना करमत नाही म्हणून किनुयो अर्धा दिवस यायची. उशियामांनी टेबलावर एक काळी लेन्स ठेवली. ठेवताना आवाजच झाला नाही.

किनुयोने ती उचलली. "अगं बाई! रिकामी आहे का काय?"

"प्लॅस्टिकची आहे," उशियामा म्हणाले. "काचा त्याच. आतल्या नळ्या प्लॅस्टिकच्या, कॅमेऱ्याला बसणारी मागची कडीसुद्धा. साच्यातून निघतात तशाच बसतात. घासावं लागत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी वहीकडे बघत म्हटलं. सध्याची लेन्स तीस हजार येनला होती, ही बाराला देता येणार होती. पण कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे मंजुरीचा कागद खालून वर शिक्के घेत जायचा, आणि त्यावरचा चौथा चौकोन 'हाताळणी'चा, म्हणजे हात्सुएचा.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी परत नेईन," ते म्हणाले. "खरंच सांगतो. पुन्हा आखेन, पुन्हा आणेन."

हात्सुएने कडी फिरवली आणि तिचा हात तिथेच थांबला. तिने पुन्हा फिरवली, या वेळी एकाच बोटाने. हे वजन तिला ठाऊक होतं. एवढं हलकं, आणि सोडलं की तिथल्या तिथे उभं.

"हे इतकं हलकं कसं काय ठेवलंत?" तिने विचारलं.

उशियामांचा चेहरा खुलला. "माझी स्वतःची एक लेन्स आहे, सवलतीत घेतलेली. तशी कडी मी पुन्हा कुठेच पाहिली नाही. माझ्या या हाताने फिरते हो! कसा कोण जाणे योग जुळून आला होता त्या दोन नळ्यांचा. काटा लावून मी तिचा जोर मोजला आणि तोच आकडा आराखड्यात घातला. धातूत तो परवडत नाही, अशी एक जोडी घासायला किती दिवस जातील देव जाणे. प्लॅस्टिकमध्ये आपोआप मिळतो."

नऊ दिवस, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

"ती उघडून बघितलीत कधी?" तिने विचारलं. "का हलकी आहे ते आत कळलं असतं."

"छे! चालत्या गाड्याला खीळ कोण घालतं? तिला काही होतच नाही. तुमच्या ओळीचं काम, मोरोझुमीसान. मी उघडून बिघडवू?"

"उघडून बघायला हवी होती," ती म्हणाली. मनातलं याहून जास्त ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. उशियामा हसले आणि लेन्स तीन दिवसांसाठी ठेवून गेले.

ते जिना चढले नाहीत तोच किनुयो सुरू झाली. "सरळ नाही म्हण! खेळणं आहे ते खेळणं. मागची कडी दोनदा काढली-घातली की झिजणार, पडली की टवका उडणार. आणि शिक्का मारलास तर हे टेबल जाईल. तेवढं कळतंय ना?"

हात्सुएला तेवढंच नव्हे, त्यापुढचंही कळत होतं. टेबल गेलं की ती दहा मिनिटंही जाणार. नाही म्हटलं, तर ते परत येतील. सहा महिन्यांनी, वर्षाने, पुन्हा पुन्हा. एका शब्दाचा प्रश्न होता, आणि तो शब्द खोटाही नव्हता. लेन्स खरंच हलक्या प्रतीची होती. कानाशी हलवली की आत बारीक खडखड यायची. धातूची चाळीस वर्षं जाईल, ही फार तर दहा. आणि बिघडली की उघडायची सोयच नव्हती. दुरुस्तीपेक्षा नवी स्वस्त.

रविवारी तिने ती लेन्स शेजारच्या चिझुको ओगुचीला दिली. बालवाडीच्या खेळांचा दिवस होता आणि चिझुकोची मुलगी धावणार होती. चिझुकोच्या नवऱ्याचा कॅमेरा चांगला होता, पण त्याची कडी फिरवता फिरवता मुलगी नेहमी चौकटीबाहेर जायची. संध्याकाळी चिझुको लेन्स परत द्यायला आली ती भाताच्या मुटक्यांचा उरलेला डबा घेऊनच.

"हात्सुएसान, एका बोटाने फिरते हो ही! पोरगी पळत आली नि मी नुसतं बोट असं केलं. बारा हजारांत मिळणार? नक्की? मग मी माझी स्वतःची घेईन. यांच्या हातापाया पडायला नको."

"मागून प्लॅस्टिक आहे," हात्सुए म्हणाली. "दहा वर्षांपेक्षा जास्त टिकायची नाही."

"दहा वर्षांनी पोरगी कशाला माझ्यासमोर पळतेय?"

चिझुको गेली. हात्सुएने डबा खाली ठेवला आणि लेन्सची कडी पुन्हा एका बोटाने फिरवली. एका माणसाच्या दोन आखडलेल्या बोटांसाठी तिने जे केलं होतं, ते आता कुणालाही बारा हजारांत मिळणार होतं. ते तिने अडवून धरायचं, आणि कशासाठी? दहा मिनिटांसाठी. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी ती दहा मिनिटं इतकी हवीशी वाटली की डोळे भरून आले.

सोमवारी तिने चौथ्या चौकोनात लाल शिक्का मारला. शेरा लिहिला, 'टिकाऊपणा कमी. किंमत पाहता योग्य. हाताळणी उत्तम.' किनुयोने त्या दिवशी आपला चहा दुसऱ्या टेबलाशी नेऊन घेतला.

पुढचं व्हायचं तसंच झालं. टेबलं हलली, रॉकेलचे डबे गेले. हात्सुए पॅकिंगमध्ये गेली आणि निवृत्तीपर्यंत त्याच प्लॅस्टिकच्या लेन्स खोक्यांत भरत राहिली. लाखोंनी खपल्या त्या. दुरुस्तीला म्हणून एकही परत आली नाही, बिघडल्या की लोकांनी टाकल्या आणि नव्या घेतल्या. दुरुस्तीच्या खोलीत जुन्या धातूच्या लेन्स तेवढ्या यायच्या, आणि कधीकधी एखादीच्या पोटात हात्सुएच्या अक्षरातला नंबर निघायचा. तिला हवी होती ती आली नाही. उशियामांना कंपनीने परदेशातल्या कारखान्यावर पाठवलं. नवीन वर्षाची पत्रं यायची, छापील.

कारखाना सुटल्यावर पुष्कळ वर्षांनी जुन्या लोकांनी एकत्र जेवायचं ठरवलं, तळ्याजवळच्या ईल माशांच्या खानावळीत. हात्सुए सहासष्ट वर्षांची होती. किनुयो जाऊन चार वर्षं झाली होती. उशियामा काठी टेकत आले, केस पांढरे, खिशात मात्र अजूनही पेन्सिल. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक फडक्यात गुंडाळलेली लेन्स काढली आणि नेहमीसारखी तिच्यापुढे ठेवली.

"मोरोझुमीसान, जरा हात लावून बघता का?"

तिने लेन्स उचलली. हाताला ते वजन ओळखीचं वाटलं. काळा रंग कडांना उडून खालचा धातू दिसत होता. तिने एका बोटाने कडी फिरवली. ग्रीस केव्हाच वाळलं असणार, पण इतकी घासलेली ती जोडी त्रेचाळीस वर्षांनंतरही तशीच फिरली आणि सोडली तिथे थांबली. बोटाखाली, जेमतेम पेरभर आत, ती दोन अक्षरं शेजारी शेजारी होती. तीन स्क्रू आणि दहा मिनिटं, तिला डोळे मिटूनही जमलं असतं.

"एकदाही उघडावी लागली नाही," उशियामा अभिमानाने सगळ्यांना सांगत होते. मग आवाज उतरवून ते तिला म्हणाले, "खरं सांगू? घेतली तेव्हापासून माझ्या मनात होतं, हिला कधी काही झालं की तुमच्याकडेच घेऊन यायची. तुमच्या टेबलाशी बसून दोघांनी मिळून उघडायची. वाटच बघत होतो म्हणा ना." ते हसले. "पण हिला काही झालंच नाही."

जरा वाईट घासली असती तर, एवढं एकच हात्सुएच्या मनात आलं. नऊ दिवसांऐवजी आठ. एखादा कण राहू दिला असता.

"काम चांगलं झालंय," ती म्हणाली.

तिने लेन्सला झाकण लावलं, फडकं नीट गुंडाळलं आणि ती त्यांच्या डाव्या हातात दिली.