ऑर्डर आलेली नाही

हे मी कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही. आज तुम्हाला सांगतोय.

निपाणीत एका सरकारी कचेरीत मी क्लार्क होतो. मूळचा खानापूरकडचा. घरात मराठी, कचेरीत कन्नड. त्यामुळं मराठी माणसं कागद घेऊन माझ्याच टेबलापाशी यायची. मी कन्नड वाचून अर्थ सांगायचो, अर्ज लिहून द्यायचो. चांगला माणूस — म्हणायची मला. मलाही ते खरं वाटायचं.

शांताक्काही तशीच आली. तंबाखूच्या वखारीत जन्म घालवलेली, साठीची बाई. रस्ता रुंद होणार होता, त्यात त्यांची गल्ली जाणार होती. जागेचे कागद गल्लीत कुणाकडंच नव्हते. पण कागद नसले तरी जुन्या रहिवाशांना दुसरीकडं जागा द्यायची, असा सरकारी नियम झालाय, हे तिच्या कानावर आलं होतं.

"मी काय मागाय न्हाय आले, अण्णा. नियम काय हाय तेवढं वाचून दावा."

नियम होता. मी स्वतः वाचला होता. तिनं ऐकलेलं सगळं बरोबर होतं.

पण साहेब सकाळीच म्हणाले होते — ही ऑर्डर बाहेर गेली तर अख्खी गल्ली दारात येऊन बसेल. धमकी दिली का त्यांनी? नाही. माझी बेळगावची बदली त्यांच्या सहीसाठी अडली होती. त्या बदलीचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. मीच काढलं — मनातल्या मनात.

"अशी ऑर्डर आलेली नाही, आक्का."

ती हलली नाही. मग मी उठलो, कपाट उघडलं, चार फायली चाळल्या. का? नुसतं नाही म्हणून भागलं असतं की. पण तिला ते पटायला हवं होतं. आणि पटलं.

गल्ली पडली. माणसं पांगली. मला बदली मिळाली.

काही वर्षांनी ती संकेश्वरच्या बस स्टँडवर भेटली. तिनंच ओळखलं. लेकीच्या घरी, मागच्या पडवीत राहत होती. शेजारी उभ्या असलेल्या लेकीला अभिमानानं सांगू लागली, "ह्येच ते अण्णा." मग माझ्याकडं वळली. "जावई तवाच माहिती अधिकारात अर्ज टाकतो म्हणत हुता. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेणार हुता. मीच आडवी आले. आपल्यातल्या माणसानं माझ्यादेखत कपाट धुंडाळलंय, त्येच्यावर संशय घ्यायचा व्हय?"

तो अर्ज आला असता तर ऑर्डर द्यावीच लागली असती. म्हणजे मी तिला एकटीला फसवलं नव्हतं. तिच्याच तोंडून सगळ्या गल्लीला फसवलं होतं.

तेव्हा सांगता आलं असतं ना? ती समोर होती. ऐकत होती. मी विचारलं — "तब्येत बरी आहे ना, आक्का?"

बेळगावची बस लागली. मी चढलो. लेकीच्या खांद्याचा आधार घेत ती खिडकीखाली आली आणि बस सुटेपर्यंत हात हलवत राहिली. मीही हलवला.