बघणारे दोन

एक अत्यंत गंभीर सूचना. कळंब शहर व परिसरातील तमाम नागरिकांनी हातातलं काम बाजूला ठेवून लक्ष द्यावे. दर शनिवारी सकाळी साडेसात वाजता ऑस्ट्रेलियातल्या एका गावाबाहेर, तिथल्याही लोकांना फारशी ठाऊक नसलेल्या एका क्लबाच्या चौथ्या संघाचा क्रिकेट सामना सुरू होत असून, त्यात आठव्या क्रमांकावर बॅटिंगला येणारा खेळाडू आपल्या गावचा आहे. नागरिकांनी नोंद घ्यावी. न घेतल्यास होणाऱ्या नुकसानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही.

ही सूचना प्रत्यक्षात कधी झाली नाही. ज्या माणसाच्या तोंडी ती शोभली असती, तो स्टँडवर कंट्रोलर होता. लातूर, बार्शी, धाराशिव, सगळ्या गाड्या त्याच्या आवाजावर लागायच्या आणि सुटायच्या. निवृत्त झाल्यावर भोंगा स्टँडवर राहिला आणि आवाज घरी आला. चहाच्या गाड्यावर उभे राहून ते म्हणायचे, "लक्ष द्या, ह्या चहात साखर न्हाय." माझ्या दुकानात मी डोळे मिटून बसलेलो दिसलो की रस्त्यावरूनच, "लक्ष द्या, दुकानात गिऱ्हाईक आलेलं आहे." आणि खरंच कुणी आलेलं नसायचं. तुमच्याही गावात असा एखादा असेल. नसेल तर गावाबद्दल मला वाईट वाटतं.

माझं दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत. टीव्ही, कॉम्प्युटर, डिश, जे बंद पडेल ते. मला ते इंजिनिअर म्हणायचे. मी आयटीआय झालेला, तोही दुसऱ्या खेपेला, पण चारचौघांत कुणी इंजिनिअर म्हणालं तर दुरुस्त करायचं नाही, एवढी दुरुस्ती मला येते.

एके दिवशी त्यांनी मोबाईल माझ्या काउंटरवर ठेवला. "लक्ष द्या. ह्यात एक मैदान आहे. मैदानात पंधरा ठिपके हायेत. त्यातला हा ठिपका माझा मुलगा आहे. मला तो ठिपक्याएवढा नको."

मी दोन बोटांनी ठिपका मोठा केला. तो अंपायर निघाला.

"मग त्याच्या शेजारचा," ते म्हणाले, आणि जराही खजील झाले नाहीत.

मुलाच्या एका वर्गमित्राने कुठल्याशा ग्रुपवर ती लिंक टाकली होती. क्लबवाल्यांनी खांबावर एक कॅमेरा बसवलेला. तो हलत नाही, जवळ जात नाही, बोलत नाही. कॉमेंट्री नाही, रिप्ले नाही. फक्त वारा, आणि तिकडचे कावळे. ते कावळे तान्ही पोरं रडल्यासारखे ओरडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शेजारी कुणाचं बाळ रडतंय का, म्हणून खिडकीतून डोकावलो होतो.

त्यांच्या घरी मुलाचा कॉलेजातला कॉम्प्युटर होता. त्याला त्यांच्या बायकोने शिवलेलं फुलाफुलांचं झाकण होतं. टीव्ही होता, पण जुना, इंटरनेट न समजणारा. मी टेबलाखाली शिरून सॉकेट शोधत होतो, तेव्हा वरून त्यांचा आवाज आला. भोंग्यातला नाही, दुसरा. टेबलाखाली शिरलेल्या मेकॅनिकला लोक मनातलं सांगतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. आमचं तोंड दिसत नाही, म्हणून असेल.

बायको अचानक गेली. मुलगा फोनवर म्हणाला, निघतो, दोन दिवसांत पोचतो. हे रागात होते, दुःखात होते, सगळ्यातच होते. म्हणाले, "आता येऊन काय बघणार आहेस?" मुलगा आला नाही. मग ह्यांनी फोन केला नाही, म्हणून त्याने केला नाही, आणि त्याने केला नाही म्हणून ह्यांनी. तीन वर्षं झाली होती. आख्ख्या तालुक्याला गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या माणसाला एक फोन लावता येत नव्हता.

मी कॉम्प्युटरपासून टीव्हीपर्यंत केबल टाकली. तेच चित्र दोन्हीकडे. मैदान मोठं झालं, ठिपक्यांना हातपाय फुटले. ते खूश. मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवलं. शेजारी पाचचा आकडा होता.

मी सांगितलं, हे आत्ता बघणारे. जगभरात मिळून पाच जण.

"त्यात आमी किती?"

"तुम्ही एक."

"पडदे तर दोन हायेत."

मी समजावलं की पडदे कितीही लावा, केबल एकाच कॉम्प्युटरची, म्हणून मोजणी एकच. संध्याकाळी ते दुकानात येऊन म्हणाले, ती केबल काढून टाक, टीव्ही वेगळा चालला पाहिजे. मी म्हणालो, साहेब, एका खोलीत एकच मॅच दोनदा लावायची, ही काय पद्धत झाली?

"आमच्या घरचं एकट्याचं नाव कुठं लागत न्हाय," ते म्हणाले. "आहेराच्या पाकिटावर बी दोघांचं असतंय. हितं बी दोन पायजेत. एक त्याच्या आईचं."

मी टीव्हीला इंटरनेटचा एक छोटा डबा जोडला. दोन्ही यंत्रं आपापली चालू झाली आणि आकडा पाचाचा सहा झाला. त्यांनी मान हलवली. स्टँडवरची शेवटची गाडी वेळेवर गेल्यावर हलवायचे तशी.

आता त्या डब्याची एक खोड. त्यातलं चित्र कॉम्प्युटरच्या पंधरावीस सेकंद मागे पडायचं. कॉम्प्युटरवर चेंडू सीमेपार जायचा, तेव्हा टीव्हीवर बोलर अजून पॅन्टला चेंडू पुसत असायचा. माझ्या धंद्याला हे शोभणारं नव्हतं. मी भारीतला डबा लावून देतो म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. तिचं असंच होतं. आमी हितून वरडायचो, ये गं, सिक्स मारला. ती हात पुसत येस्तोवर दुसऱ्यांदा दाखवायला लागलेले असायचे. जल्मात तिनं ताजा सिक्स बघितला न्हाय."

मग काय, त्यांना रोजगारच मिळाला. कॉम्प्युटरवर मुलाने एक धाव काढली की टीव्हीकडे वळून सांगायचे, "आता बघ हं, पळतोय." टीव्हीसमोरची खुर्ची रिकामी, पण पाठीला उशी लावलेली. त्या खुर्चीवर मी एकदा चुकून बसलो होतो. ते नुसते उभे राहिले, मी उठेपर्यंत.

मुलगा आउट झाला की खरी धावपळ. त्याच्या आईला ते सोसायचं नाही, म्हणे. खांद्यावरचा टॉवेल काढून, गुडघे सांभाळत, टीव्हीवर आउट होण्याच्या आत टीव्हीवर टाकायचा. पंधरा सेकंद आणि अडुसष्ट वर्षांचे गुडघे. ही शर्यत मी अनेकदा पाहिली आहे आणि लाज वाटते सांगायला, खिशातल्या खिशात पैजही लावली आहे. आठव्या क्रमांकाचा बॅट्समन, तेव्हा टॉवेलला विश्रांती फार नव्हती.

पण बॅटिंग तरी दिसायची. फिल्डिंगला मुलाला लांब सीमेवर उभं करायचे आणि तिथवर कॅमेरा पोचायचाच नाही. तासन्‌तास मुलगा चित्राबाहेर. ह्यांनी त्यावर तोडगा काढला. मैदान मनानेच टीव्हीच्या चौकटीबाहेर वाढवून खोलीभर पसरलं. "आत्ता तो कुठं आहे?" मी विचारायचो. ते टीव्हीकडे न बघता लोखंडी कपाटाकडे बोट दाखवायचे. "थितं. कपाटापाशी." चेंडू त्या बाजूला गेला की दोघंही कपाटाकडे बघायचो. कपाटातून चेंडू परत आला की ते हलकेच म्हणायचे, "थ्रो चांगला हाय त्याचा."

माझ्यासारख्या खोडकर माणसाला हे फार काळ बघवणार नव्हतं. मॅचच्या खाली लिहायला जागा असते. एका शनिवारी ते पोहे आणायला आत गेले आणि मी टाइप करायला लागलो, 'तुझे वडील बघत आहेत'. शेवटचा शब्द राहिला होता. मागून भोंगा वाजला नाही, काहीच वाजलं नाही. त्यांनी सरळ मेन स्विच पाडला. कॉम्प्युटर, टीव्ही, पंखा, फ्रीज, सगळं शांत. "लिहायचं न्हाय," एवढंच म्हणाले. सगळं परत सुरू व्हायला दहा मिनिटं लागली आणि तेवढ्यात मुलाने दोन चौके मारून घेतले होते. मला आठवडाभर चहाला बोलावलं नाही त्यांनी.

आणि एक दुपार. तो दिवस मी कुणाला रंगवून सांगत नाही, साधाच सांगतो. मॅच संपली, खेळाडू गेले, कॅमेरा बंद करायला कुणीतरी विसरलं. मी दीडच्या सुमाराला बिलाची पावती द्यायला गेलो, तर हे अजून बसलेले. दोन्ही पडद्यांवर रिकामं मैदान. खेळपट्टीवर आडवं पसरलेलं एक कापड. चारपाच पक्षी गवतात टोचे मारत होते. ह्यांच्या खानावळीच्या डब्यातलं दुपारचं जेवण तसंच झाकलेलं. म्हणालो, साहेब, संपली की मॅच. ते म्हणाले, बघू, कुणी दिवा लावायला आलं तर. तिकडे हळूहळू अंधार पडत गेला, आमच्याकडे ऊन रणरणत होतं. कोपऱ्यातल्या डोळ्याशेजारी आकडा होता दोन.

"बाकीचे गेले," ते म्हणाले. "आता आमी दोघंच."

मी पावती टेबलावर ठेवून निघून आलो.

मागच्या थंडीत ते गेले. सकाळी डबेवाला आला, दार उघडलं गेलं नाही. आता घराला कुलूप आहे. माझ्या दुकानासमोरून स्टँडकडे लोक जातात आणि कुणीच कुणाला लक्ष द्यायला सांगत नाही. शनिवारी साडेसातला मी उगाचच शटर उघडून बसतो. गिऱ्हाईक दहापर्यंत येत नाही, हे माहीत असून.

पण मुलाचं काय, असं तुम्ही मघापासून विचारताय. तेच सांगायचं ठेवलं आहे. ते जाण्याच्या आदल्या वर्षीचा एक शनिवार.

मी नेहमीप्रमाणे पोह्यांच्या वेळेला पोचलो होतो. मुलगा बॅटिंगला आला. समोर ताडासारखा उंच बोलर. तिसरा चेंडू आखूड पडला आणि उसळला. मुलगा फटका मारायला वळला आणि चेंडू हेल्मेटच्या खाली, कानाजवळ लागला. तो जमिनीवर आडवा झाला. सगळे त्याच्याकडे पळाले.

हे उठले. खांद्यावरचा टॉवेल काढला. गुडघे कुरकुरले, पण वेळेत टीव्हीपाशी पोचले. टीव्हीवर मुलगा अजून उभा होता, बॅट जमिनीवर आपटत, धडधाकट. टॉवेल हातात तसाच राहिला. शेवटचे चारसहा सेकंद ते त्याच्याकडे बघत राहिले. मग बोलर पळत आला आणि मुलगा दुसऱ्यांदा पडला. ह्यांनी तेही पाहिलं.

टॉवेल खाली पडला आणि त्यांनी फोन उचलला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. रिंग वाजत राहिली. साहजिकच, खेळणाऱ्याच्या खिशात फोन कुठून असणार? पुन्हा लावला. पुन्हा. तिकडे मुलगा उठून बसला, पाणी प्यायला, दोघांच्या खांद्यावर हात टाकून चित्राबाहेर गेला. कपाटाच्या नाही, दाराच्या बाजूला. हे दाराकडे बघत फोन लावत होते. अकरा वेळा लावला.

मग वाट बघणं. पोहे गार झाले. मी म्हणालो, आता त्याचा फोन येणारच, अकरा कॉल बघून कुणीही करील. काय बोलायचं ते ठरवून ठेवा. त्यांना ते पटलं. आम्ही दोनच वाक्यं ठरवली. आधी 'कसा आहेस', मग 'जमलं तर येऊन जा'. त्यांनी ती माझ्यासमोर तीनदा म्हणून दाखवली. तिसऱ्यांदा आवाज नीट लागला.

दीड तासाने फोन वाजला. ऐकायला कमी येतं म्हणून त्यांनी स्पीकर लावला. मी उठून बाहेर जायला लागलो, तर मनगट धरून बसवलं.

"अण्णा?" मुलाचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं? एवढे कॉल? तुम्ही बरे आहात ना?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी ओठांनी त्यांना पहिलं वाक्य सुचवत होतो, कसा आहेस, कसा आहेस. ते माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हतो.

"आखूड बॉल होता रे तो," ते म्हणाले. "मारायचा न्हाय, सोडून द्यायचा असतोय."