बेल उचलल्यावर कागद मागायचा नसतो

फौजदारी कायद्याच्या पहिल्याच तासाला सरांनी आपल्या अपेक्षा सांगून टाकल्या. वर्गात गाइड दिसलं तर ते खिडकीतून बाहेर जाईल आणि पाठोपाठ गाइडचा मालक. हजेरी भरून द्या म्हणत वर्षाच्या शेवटी कुणी दारात यायचं नाही. आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी प्रत्येकाने कोर्टात बसून एक खरा खटला निकालापर्यंत पाहायचा, त्यावर स्वतःच्या डोक्याने लिहायचं. पक्षकारांशी खटल्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. "तुम्ही तिथं भिंत," सर म्हणाले. "भिंतीला कान असतात, तोंड नसतं."

नांदेडच्या आमच्या कॉलेजात ही अपेक्षा म्हणजे थट्टाच होती. सीनिअरची फाइल आणायची, नाव बदलायचं, झालं. एका बहाद्दराने उतरवलेल्या खटल्यातले न्यायाधीश कधीच निवृत्त झाले होते. मला मात्र हौस होती. नायगावहून रोज एसटीत उभं राहून यायचं आणि झेरॉक्सच्या दुकानावरूनच परत फिरायचं, तर घरी शेंगा फोडत बसलेलं काय वाईट?

मी निवडलेला खटला आमच्याच तालुक्यातल्या एका विधवा बाईचा होता. तिच्या शेताला जायची वाट दिराच्या शेतातून. नवरा गेल्यावर दिराने वाटेवर काटे टाकले. ती काटे ओढून बाजूला करायला लागली, तेव्हा त्याने कुऱ्हाड चालवली. मनगट बचावलं, पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. नवे कायदे तेव्हा नुकतेच लागू झाले होते, आम्ही नवी कलमं पाठ करत होतो. गुन्हा जुना, म्हणून खटला जुन्याच कायद्याने चालू होता.

साक्षीच्या दिवशी ती कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्याशेजारीच येऊन बसली. माझा पांढरा ड्रेस आणि काळा कोट पाहून ती मला वकीलच समजली. आधी गाव विचारलं, मग घराणं, मग माझं लग्न. मराठवाड्यात हे उरकल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "माय, म्या आज नाव घेनार न्हाई त्याचं."

"म्हणजे?"

"मिटलं आमचं. महादेवाच्या देवळात त्यानं बेलभंडारा उचलला, वाट मोकळी करतो म्हनून. म्याबी उचलला, कोर्टात नाव घेनार न्हाई म्हनून. चार मानसं व्हती की समोर."

सरांची भिंत मला आठवली. पण जन्मभर गप्प बसायचं असतं तर मी वकिली शिकायला कशाला आले असते? मी तिला सांगितलं की कुऱ्हाडीच्या वारात आपसात तडजोड कायदा मानत नाही. "मावशी, तुम्ही शब्द फिरवलात तर तुम्हाला फितूर म्हणतील. तो सुटेल, आणि एकदा सुटला की सुटला."

"सुटू दे की. लेकरंबाळं हायती त्याला. माजी वाट मोकळी झाली म्हंजे बास."

"मग निदान वाटेचं लिहून तरी घ्या. तहसीलला नोंदवा, मग साक्षीचं बघा."

ती माझ्यापासून जरा सरकून बसली. तिला राग आला होता. "बेल उचलल्यावर कागद मागायचा व्हय? त्यो देवाचा अपमान झाला ना माय."

हा भाबडेपणा आहे म्हणून हसायची माझी हिंमत नाही. आमच्याही घरी बेलभंडाऱ्याच्या शपथेवर वाटण्या झाल्यात आणि त्या आजतागायत कुणी मोडलेल्या नाहीत. पुकारा झाला तशी ती उठली.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तिने खरं सांगायची शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, वार कुणी केला? "अंधारून आलं व्हतं साहेब. दिसलं न्हाई." सरकारी वकिलांनी तिला फितूर ठरवायची परवानगी मागितली आणि मग उलटसुलट विचारून भंडावून सोडलं. तिने आखडलेली बोटं पदराखाली धरली होती. डॉक्टरांनी जखम सांगितली, पण जखम कुणी केली ते डॉक्टर कुठून सांगणार? दीर निर्दोष सुटला. बाहेर येऊन तो तिच्या पाया पडला आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला ते बरं वाटलं, हे कबूल करते. वाटलं, आपल्या पुस्तकापेक्षा गावाला जास्त कळतं.

मी सगळं लिहून दिलं, तिच्याशी बोलले तेसुद्धा. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, या आरोपीवर याच वारासाठी पुन्हा खटला चालेल का? मी चटकन म्हणाले, नाही सर, एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा उभं करता येत नाही. सर खूश झाले. भिंत बोलल्याबद्दल रागावले नाहीत, गुणही चांगले दिले. मी घरी पेढे नेले. ते पेढे आठवले की आता लाज वाटते.

आता मी लातूरला एका वकिलांच्या हाताखाली काम करते. गेल्या दिवाळीला नायगावला गेले होते, तेव्हा ती बाई आठवडी बाजारात दिसली. वाळलेली, डोक्यावर गवताचा भारा. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं की वाट एक पेरणी झाली तोवर मोकळी होती. मग दिराने तिथे तार ओढली. आता ती ओढ्याकडून लांबून जाते, बैलगाडी जात नाही, सोयाबीन डोक्यावरून आणावं लागतं. देवळातल्या त्या चार माणसांकडेही जाऊन आली होती. ते म्हणाले, तुमच्या घरातलं तुम्ही बघा.

मी म्हणाले, मावशी, वाटेसाठी तहसीलला अर्ज करू, मी लिहून देते. तिने मान हलवली, पण तिचं लक्ष त्यात नव्हतं. भारा खाली ठेवून ती माझ्याजवळ आली. चेहऱ्यावर चक्क हुशारी आली होती.

"त्यानं बेल मोडला ना माय? मंग आता माजाबी सुटला. म्या पुजाऱ्याला इचारून आले, पाप न्हाई म्हनला. आता कोर्टात समदं सांगते. कुऱ्हाड, काटं, समदं. तारीख कंदी हाय तेवढं सांग."

परीक्षेत चटकन दिलेलं उत्तरच तिला द्यावं लागलं. तो सुटला, मावशी. त्या वारासाठी आता त्याला कुणीच पुन्हा उभं करू शकत नाही.

मला नीट समजलेलं नाही असं वाटून तिने आखडलेला हात माझ्यापुढे धरला आणि सावकाश, मला कळेल असं म्हणाली, "पर आता म्या खरं बोलनार हाय."